लिलावात दुसरा वेडा लागतो

भाऊच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव ज्याने उभं राहून पाहिलाय, त्याला निम्मा विषय आधीच कळलेला असतो. सुरमईची टोपली समोर आली आणि घ्यायला एकच बाई असली, तर ती भाव पाडूनच नेणार. शेजारी दुसरी येऊन उभी राहिली की पहिलीचा आवाज चढतो. मासळी तीच, टोपली तीच. फरक एवढाच की आता घेणाऱ्या दोघी आहेत.

मी हाताने रंगवलेले छोटे शिपाई ऑनलाइन लिलावात परदेशात विकते. यांना मिनिएचर म्हणतात, पण तो शब्द ऐकला की आपल्याकडे राजपूत-मुघल लघुचित्रं आठवतात. ती ही नव्हेत. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जी मातीची चित्रं मांडतो ना, मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज, त्यांचे हे दूरचे चुलतभाऊ. धातूचे, प्लास्टिकचे किंवा रेझिनचे. मापं बरीच असतात, पण दोन लक्षात ठेवली तरी काम भागतं. साधारण २८ मिलिमीटरचे शिपाई टेबलावर युद्धखेळ खेळणाऱ्यांसाठी, आणि ५४ मिलिमीटरचे मुख्यतः कपाटात मांडणाऱ्यांसाठी. हे दुसरं माप रूढ केलं लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने. १८९३ पासून ती आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतू लागली आणि खेळण्यातल्या शिपायाची उंची जणू तिथेच ठरून गेली.

आमच्या चाळीत अजूनही याला ‘बाहुल्या रंगवणं’ म्हणतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एकाचे किती मिळतात गं?

याचं उत्तर कुणालाच पटत नाही. माझ्या कामावर थोडं, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या गिऱ्हाइकावर बरंच अवलंबून आहे.

माझा पहिलाच लिलाव सांगते. एक घोडेस्वार, चौदा तासांचं काम. सुरुवातीची किंमत ९.९९ डॉलर ठेवली, कारण सगळे तशीच ठेवतात. सात दिवसांत एक बोली आली आणि स्वार ९.९९ ला गेला. पार्सल पोचल्यावर त्या गृहस्थाने फार गोड पत्र लिहिलं. घोड्याच्या खोगिराचं कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं की मी साठपर्यंत जायची तयारी ठेवली होती, नशीब माझं! त्याचं नशीब ते माझं का नव्हतं, हे समजून घ्यायला मला पुढचे दोन महिने लागले.

ईबेसारख्या साइटवर बोली लावणारा ‘आत्ताचा भाव’ सांगत नाही. तो आपली कमाल मर्यादा टाकतो. ती मर्यादा इतर कुणाला दिसत नाही. मग साइट त्याचा मुनीम होते आणि त्याच्या वतीने, गरज पडेल तेवढीच बोली वाढवते. माझ्या गृहस्थाने ६० टाकले होते, पण समोर कुणीच नव्हतं. मुनिमाने ९.९९ वर हात आवरता घेतला.

आता समजा, ब्रिटनमधला एकजण त्याच स्वारावर ४५ टाकतो. दोन मुनीम आपसात भांडतात, ४५ वर एक थकतो, आणि भाव ४६ वर थांबतो. वरचा एक डॉलर म्हणजे बोलीची किमान वाढ; २५ ते ९९.९९ डॉलरच्या टप्प्यात ती एक डॉलर असते. जिंकणारा ६० वालाच, पण भरणार ४६. त्याची मर्यादा ६० ऐवजी ६०० असती तरी भरले असते ४६च. उद्या तिसरा कुणी ५८ घेऊन आला, तर भाव ५९. म्हणजे जिंकतो तो पहिला, पण किंमत लिहून जातो दुसरा.

विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हे कागदावर मांडलं. बंद पाकिटात बोली द्यायची, सर्वात मोठी बोली जिंकणार, पण भरायची रक्कम दुसऱ्या क्रमांकाची. असं केलं की मनातला खरा आकडा लिहिण्यातच प्रत्येकाचा फायदा असतो, लपवाछपवी करून काही मिळत नाही. १९९६ मध्ये त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी तो वारला. गंमत अशी की टपालाने बोली मागवणारे पोस्टाच्या जुन्या तिकिटांचे व्यापारी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच ही पद्धत वापरत होते, कुठलाही सिद्धांत माहीत नसताना. आणि आपल्या ‘लिलाव’ या शब्दाचं मूळ पोर्तुगीज आहे, लेलाँव. समुद्रावाटे आलेला माल आणि समुद्रावाटे आलेला शब्द.

तर विकणाऱ्याचं काम काय? चांगलं गिऱ्हाईक शोधणं नव्हे. एक वेडा कुठून तरी सापडतोच. त्याच्याइतकाच वेडा असा दुसरा माणूस, त्याच आठवड्यात, त्याच पानावर आणून उभा करणं, हे खरं काम. पुढचं सगळं त्याच्यासाठीच.

दुसरा कुठे राहतो

तो शोधपेटीत राहतो. ईबेवर मथळ्याला ८० अक्षरांची जागा मिळते आणि नवशिके ती ‘अप्रतिम’, ‘दुर्मिळ’, ‘सुंदर’ असल्या विशेषणांत घालवतात. ‘अप्रतिम’ असं टाइप करून कुणी शिपाई शोधत नाही. तो माप शोधतो, काळ शोधतो, सैन्य शोधतो, बनवणाऱ्या कंपनीचं नाव शोधतो, आणि रंगवलेला की कोरा ते बघतो. एवढं बसलं की जागा संपतेच.

इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढला. आपल्याकडे ही लढाई शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत आटोपते; ब्रिटनमधले युद्धखेळवाले मात्र ती अजून हौसेने टेबलावर मांडतात. त्यांना मराठा घोडेस्वार लागतात, आणि बाजारात दिसणाऱ्या अशा बऱ्याच शिपायांची पगडी बघून रडू येतं. कुठे राजस्थानी साफा, कुठे अरेबियन नाइट्समधला जादूगार. पगडीचा पीळ कसा असतो, शेला कुठून कुठे जातो, हे ज्याने लहानपणापासून बघितलंय त्याच्या हातचा स्वार वेगळा ओळखू येतो. मथळ्यात मी मराठा हा शब्द दोन स्पेलिंगनी घालते, एक आजचं आणि एक जुन्या इंग्रजी ग्रंथांतलं, मधे एच असलेलं ‘माहराट्टा’ छापाचं. जुनी पुस्तकं वाचून आलेला म्हातारा संग्राहक त्या दुसऱ्या स्पेलिंगने शोधतो. माझे दुसरे वेडे बहुतेक तिथूनच आले.

शोधपेटीतून पानावर आला की त्याला थांबवतो तो फोटो. ‘व्यावसायिक दर्जाचं रंगकाम’ या शब्दांना तिथे काही किंमत उरलेली नाही, कारण सगळेच तसं लिहितात. खेळणाऱ्यांच्या भाषेत दोन दर्जे आहेत: हातभर अंतरावरून टेबलावर छान दिसणारा, आणि नाकाशी धरून बघता येईल असा कपाटातला. आपला कोणता ते फोटोने सांगायचं. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, चेहरे हिरवट येतात. पांढऱ्या रंगाचे दोन दिवे दोन बाजूंनी तिरपे, मागे राखाडी कागद, आणि फोन एकदम जवळ न नेता थोडा मागे ठेवून झूम; नाहीतर घोड्याचं नाक भलतंच मोठं होतं. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून. चेहऱ्याचा एक जवळून, आणि त्यात चूक दिसत असली तरी तो ठेवायचा.

चेहऱ्यावर इतका भर देते कारण माझे काका परळच्या कारखान्यात गणपतीची आखणी करायचे. मूर्तीला अंगाचा रंग कुणीही मारेल, पण डोळ्यांची आखणी ठरावीक माणूसच करतो, आणि गिऱ्हाईक मूर्ती पसंत करतं ते डोळे बघून. २८ मिलिमीटरच्या शिपायाचा डोळा अर्ध्या मिलिमीटरचाही नसतो, पण नियम तोच. काका म्हणायचे, श्वास सोडून झाल्यावर हात चालव. मी अजून तसंच करते.

आणि हो, वाईट रंगवलेला शिपाई कोऱ्यापेक्षा स्वस्त जातो. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. घेणारा विचार करतो की याचा रंग आधी उतरवावा लागणार. तिकडचे हौशी लोक त्यासाठी डेटॉल वापरतात, रात्रभर बुडवून ठेवतात आणि जुन्या टूथब्रशने घासतात. आपल्या मोरीतली बाटली या कामाला येते हे मला परदेशी माणसाने सांगितलं.

शेवटच्या दहा सेकंदांचं काय

लिलाव लावल्यावर पहिले पाच दिवस भाव हलतच नाही. नवा विक्रेता इथे हबकतो आणि काहीतरी उपद्व्याप करतो. करू नका. अनुभवी बोलीवाले शेवटच्या काही सेकंदांत उतरतात. कारण सरळ आहे: आधी बोली लावली की दुसऱ्याला कळतं, तो चेवाने आपली मर्यादा वाढवतो. शेवटच्या क्षणी मारली की त्याला वेळच उरत नाही. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. त्या काळी अॅमेझॉनचेही लिलाव असत आणि तिथे शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ दहा मिनिटांनी पुढे जायची. ईबेवर वेळ ठरलेली, ती हलत नाही. अपेक्षेप्रमाणे उशिराच्या बोल्या ईबेवर कितीतरी जास्त निघाल्या. माणसं तीच, घड्याळाचा नियम वेगळा.

म्हणून लिलाव संपायची वेळ महत्त्वाची. सुरू व्हायची नव्हे. दोन वेडे एकाच वेळी जागे, मोकळे आणि फोन हातात घेतलेले हवेत. रविवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे तीन वाजतात, तेव्हा ब्रिटनमध्ये रात्रीचे आठ असतात. मुंबईत तेव्हा सोमवार लागलेला असतो, उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. अगदी त्या वेळी उठून लिलाव लावायची गरज नाही, सुरुवातीची वेळ आधी ठरवून ठेवता येते. पण संपताना जागं राहायचा मोह आवरत नाही. घरचे झोपलेले, पंख्याचा आवाज, आणि स्क्रीनवर शेवटच्या चार सेकंदांत २६ चे ५१ होतात. क्रिकेटपेक्षा वाईट.

याच वेळी आणखी एक मोह होतो. चुलतभावाला सांगून एक बोली लावून घ्यायची, म्हणजे दुसरा वेडा घरचाच. हे करायचं नाही. नियमात बसत नाही, खातं बंद होतं, काही देशांत तो गुन्हाही आहे. आणि चुलतभाऊ जिंकला तर शिपाई घरीच आणि साइटचं कमिशन तुमच्या डोक्यावर.

सुरुवातीची किंमत आणि हिशोबाची वही

कमी किमतीने सुरू केलं की जास्त लोक जमतात, हे खरं आहे. पण जमायला लोक असतील तर. लोकप्रिय खेळातले शिपाई असतील तर ९.९९ चालेल, दोघे-तिघे कुठूनही येतील. मराठा स्वारासारख्या आडवळणाच्या मालाला जगात खरे गिऱ्हाईक मूठभर. त्यातला एक त्या आठवड्यात लग्नाला गेलेला असतो. तिथे किमान किंमत खर्च निघेल एवढी हवीच.

ती काढून दाखवते. आकडे समजण्यासाठी धरलेत: डॉलर ८५ रुपयांचा, टपालखर्च १२ डॉलर आणि तो गिऱ्हाईक वेगळा देतं, कोरा शिपाई ६०० रुपये, रंग-पॅकिंग २००, साइटचं कमिशन १५ टक्के, पैसे रुपयांत येताना अडीच टक्के गळती. कमिशन टपालखर्चावरही लागतं, हे बरेच जण विसरतात.

भाव ४६ गेला, तर हातात येणारे एकूण ५८ डॉलर म्हणजे ४,९३० रुपये. त्यातून कमिशन ७४०, गळती १०५, टपाल १,०२०, शिपाई ६००, पॅकिंग २००. उरले २,२६५. चौदा तासांनी भागलं तर तासाला १६२ रुपये. आणि तोच स्वार ९.९९ ला गेला, तर? १,८६९ रुपये येतात, आणि सगळं वजा केलं की २७१ रुपयांचा तोटा. म्हणजे चौदा तास रंगवून वर आपणच त्या गृहस्थाला २७१ रुपये दिले. या गणितात १४ डॉलरच्या आसपास खर्च कसाबसा निघतो, मजुरी शून्य. माझा कुठलाच लिलाव आता त्याखाली सुरू होत नाही.

गुप्त राखीव किंमत, म्हणजे ज्याच्या खाली माल द्यायचाच नाही असा न दाखवलेला आकडा, ठेवायची सोय असते. मला ती आवडत नाही. बोली लावणाऱ्याला ‘अजून राखीव किंमत गाठलेली नाही’ असं दिसलं की तो नाराज होऊन निघून जातो, आणि आपल्याला हवा असलेला दुसरा बहुधा तोच असतो.

जो शिपाई दर आठवड्याला दहाजण विकतात, त्याचा लिलाव करूच नका. त्याचा भाव सगळ्यांना माहीत आहे. थेट किंमत लावा आणि घासाघीस करायची मुभा ठेवा. लिलाव त्या वस्तूचा, जिची किंमत तुम्हालाही सांगता येत नाही.

मुंबईतल्या काही अडचणी

पावसाळ्यात स्प्रेचं मॅट वार्निश मारू नका. हवेतली दमट वाफ त्यात अडकते आणि आठवड्याच्या कामावर पांढरट धुकं बसतं. जून ते सप्टेंबर मी वार्निश ब्रशने लावते, तेही पाऊस उघडल्यावर.

शिपाई ओतायचा असेल किंवा थ्रीडी प्रिंट करायचा असेल, तर हक्क तपासा. विकत घेतलेला मूळ शिपाई रंगवून विकणं वेगळं, आणि त्याचा साचा काढून नकला विकणं वेगळं. प्रिंटच्या फाइलला विक्रीचा परवाना स्वतंत्र लागतो. शिवाय जुन्या धातूच्या शिपायांत शिसं असू शकतं, म्हणून ‘हे मुलांचं खेळणं नाही’ असं वर्णनात लिहायचंच.

पाठवताना भाला, तलवार आणि घोड्याचा पाय, या क्रमाने मोडतात. माझा एक भाला अशा पार्सलात दोन तुकडे होऊन पोचला. बबल रॅप थेट शिपायाला गुंडाळला होता, आणि त्यानेच दाब देऊन तो मोडला. तेव्हापासून शिपायाचा तळ छोट्या डबीच्या बुडाला घट्ट बसवते, वर त्याला काहीच टेकू देत नाही, आणि ती डबी मोठ्या खोक्यात बबल रॅपमध्ये. खोकं हलवलं की आवाज येता कामा नये.

आपल्याकडची ईबेची देशी साइट मुंबईच्याच बाझी डॉट कॉममधून आली होती. २००४ मध्ये ईबेने ती घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ती बंद पडली. आता भारतातला विक्रेता ईबेवर परदेशी गिऱ्हाइकालाच विकतो, म्हणजे तो निर्यातदार ठरतो. त्यासाठी डीजीएफटी या केंद्राच्या विदेश व्यापार खात्याकडून आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर काढावा लागतो, ऑनलाइन, फी ५०० रुपये. जीएसटीचं मात्र एकदा सीएला विचारा, चहाच्या टपरीवर नको. टपालाने पाठवताना निर्यातीचा कागद म्हणजे पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरावं लागतं, आणि त्यासाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. मी सीएसएमटीजवळच्या जीपीओत जाते, कारण लोकलने सोपं पडतं आणि त्या घुमटाखाली रांगेत उभं राहायला मला वाईट वाटत नाही.

सगळ्यात मोठा बदल अमेरिकेत झाला. ८०० डॉलरपर्यंतचा माल तिथे पूर्वी विनाड्युटी आत जायचा. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत संपली. त्या धावपळीत आपल्या टपाल खात्याने अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू केलं. दर तेव्हापासून बदलत राहिलेत, त्यामुळे लिलाव लावायच्या आदल्या दिवशी चालू दर बघा आणि ड्युटी कोण भरणार ते वर्णनात स्पष्ट लिहा. युरोपियन युनियनने २२ युरोपर्यंतची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ लाच काढली होती. कुणी गिऱ्हाईक गोड बोलून ‘पार्सलवर भेट म्हणून लिही, किंमत पाच डॉलर टाक’ म्हणालं, तर नाही म्हणा. सही तुमची असते. आणि पार्सल हरवलं तर भरपाईही पाच डॉलरवरच मोजली जाते.

आता त्या ४५ वाल्याकडे परत येऊ. तो हरला, भाव ठरवून निघून गेला, आणि त्याच्या हातात काहीच आलं नाही. साइटवर एक सोय आहे: तुमच्याकडे तशीच दुसरी वस्तू असेल, तर हरलेल्या बोलीवाल्याला त्याच्याच शेवटच्या बोलीच्या रकमेला ती देऊ करता येते. नवा लिलाव नाही, आठवडाभराची वाट नाही. म्हणून हल्ली मी स्वार जोडीने रंगवते. दुसऱ्याच्या पगडीचा रंग थोडा वेगळा येतो, तसं फोटो पाठवून आधी सांगते. गेल्या खेपेला लीड्सच्या एका निवृत्त मास्तरांनी तो घेतला आणि विचारलं, याचा जोडीदार कुणाकडे गेला हो?